‘आय स्कूल गो’: इंग्रजी वाक्यातल्या शब्दांच्या जागा लेकरांच्या अंगवळणी कशा पाडायच्या?

खडू_डस्टर

मंडळी, मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पाचवी ते सातवीची इंग्रजी माझ्याकडं. स्पेलिंग, उच्चार, पाठांतर यावर इथं आधी बरंच बोलणं झालंय, म्हणून एकाच गोष्टीपुरतं विचारतो: वाक्यात कोणता शब्द कुठं बसवायचा याचा सराव.

वह्या तपासताना समोर आलेलं एक वाक्य बघा. ‘माय ब्रदर क्रिकेट प्लेज.’ पोरीनं ‘प्ले’ला एस लावलाय, म्हणजे भाऊ एकच आहे आणि त्यानं क्रियापद बदलतं हे तिला कळलेलं आहे. स्पेलिंग बरोबर. फक्त क्रियापद मराठीसारखं शेवटी नेऊन बसवलंय. त्याच पानावर खाली ‘माय मदर फील्ड इन वर्क्स.’ ‘शेतात’ मधला ‘त’ शेताच्या मागं येतो, म्हणून तिनं ‘इन’सुद्धा ‘फील्ड’च्या मागं लावला. हा आळस नाही. पोरगी नियमानंच चाललीय, फक्त नियम मराठीचा आहे.

माझं म्हणणं असं, की ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ हे सूत्र पाठ करून घ्यायच्या आधी इंग्रजीत जागेला एवढा भाव का आहे हे लेकरांना दिसलं पाहिजे. मराठीत ‘कुत्रा पोराला चावला’ म्हणा, ‘पोराला कुत्रा चावला’ म्हणा, नाहीतर ‘चावला की कुत्रा पोराला!’ म्हणा, इंजेक्शन पोरालाच घ्यावं लागतं. ‘ला’ पोराला चिकटलेला असतो, पोरगं वाक्यात कुठंही गेलं तरी तो सोबत जातो. इंग्रजीत नामाला असलं काही चिकटत नाही. ‘द डॉग बिट द बॉय’ मधल्या दोन नामांची अदलाबदल केली की ‘द बॉय बिट द डॉग’ होतं आणि इंजेक्शन कुत्र्याला द्यायची पाळी येते. वर्ग खदखदून हसतो, पण मुद्दा पोचतो. इंग्रजीत शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती.

सरावासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून पट्ट्या केल्यात. पोरांच्या गळ्यात सुतळीनं अडकवतो आणि रांगेत उभं करतो. रांग बरोबर लागते. दुसऱ्या दिवशी वहीत मात्र परत ‘आय स्कूल गो’. पट्टीवरचं वहीत आणि वहीतलं तोंडात कसं न्यायचं, तेवढं सांगा. अनुभव असेल तर लांबलचक लिहा, वाचायला आवडेल.

जुना_मास्तर

सर, धागा चांगला काढलात. अंबाजोगाईकडं हायस्कूलवर आयुष्य गेलं. आमच्या काळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. २००० साली ती पहिलीपासून आली, तरी शब्दांच्या जागेचं दुखणं होतं तिथंच आहे.

आमची पद्धत साधी होती. मराठी वाक्य फळ्यावर लिहायचं, कर्त्याखाली रेघ मारायची. मग एकदम शेवटी उडी, क्रियापद उचलायचं. तिथून उलट्या पावली मागं यायचं.

‘आई रोज सकाळी विहिरीवरून पाणी आणते.’ आई: मदर. शेवटून उलटं या. आणते: ब्रिंग्ज. पाणी: वॉटर. विहिरीवरून: फ्रॉम द वेल. रोज सकाळी: एव्हरी मॉर्निंग. झालं वाक्य. ‘माझा भाऊ सोमवारी मोंढ्यात सोयाबीन विकतो’ घ्या. माय ब्रदर, सेल्स, सोयाबीन, इन द मोंढा, ऑन मंडे. कर्ता सोडला तर बाकी सगळी मराठी आरशात धरायची.

हा आरसा खाली बारीक तुकड्यातही चालतो, हे फार जण सांगत नाहीत. ‘विहीर-वरून’ चं ‘फ्रॉम-वेल’. ‘शेता-त’ चं ‘इन-फील्ड’. ‘घराचं दार’ चं ‘डोअर ऑफ द हाउस’. तुमच्या पोरीला हे एकदा दाखवा, ‘फील्ड इन’ आपसूक सुटेल.

आरसा कुठं फसतो तेही सांगतो, नाहीतर पोरं म्हशीलासुद्धा उलटी करतात. विशेषण उलटत नाही: काळी म्हैस, ब्लॅक बफेलो. संख्या उलटत नाही: दोन म्हशी, टू बफेलोज. आणि माणसाची मालकी असेल, म्हणजे ‘रामचं घर’, तर ‘राम्स हाउस’. तिथं इंग्रजी मराठीच्याच वाटेनं जाते. वस्तूला ‘ऑफ’, माणसाला एस, एवढा ढोबळ हिशेब पाचवी-सहावीला पुरतो.

तेरणाथडी

गुरुजींचा आरसा वाचनखुणेत टाकला. उलट्या क्रमाचं एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

खडू सरांच्या ‘जागा हीच विभक्ती’ ला एक पुरवणी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय लागायचे आणि शब्दांना इकडंतिकडं व्हायला आजच्यापेक्षा जास्त मुभा होती. पुढं प्रत्यय झिजत गेले, तशा जागा पक्क्या होत गेल्या. ‘ही’ चं ‘हिम’ आणि ‘हू’ चं ‘हूम’ हे त्यातलं उरलंसुरलं. सहावीच्या वर्गात याचा काही उपयोग नाही, पण शिकवणाऱ्याच्या डोक्यात असलेलं बरं.

बिंदुसरा

गुरुजींचा मान राखून थोडा वाद घालते.

मी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहातल्या लेकरांना शिकवते. दिवाळीच्या आगंमागं आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परत येतात. लेकरं आजीआजोबांजवळ नाहीतर वसतिगृहात. कुठलं फडावरून अर्ध्या वर्षातच परत येतं. वर्ग असा गळत-भरत असताना आरशाची पद्धत मला दोन ठिकाणी अडते.

पहिलं म्हणजे, लेकरू आधी मनात पूर्ण मराठी वाक्य रचतं, मग ते उलटं वाचतं, मग बोलतं. लिहिताना चालून जातं. बोलताना समोरचा तोवर निघून जातो.

दुसरं जास्त मोठं. आपण दिवसभरात जी वाक्यं सगळ्यात जास्त बोलतो त्यातली निम्मीशिम्मी ‘मी’ नं सुरूच होत नाहीत. ‘मला गणित आवडतं.’ ‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याकडं सायकल आहे.’ ‘मला पोहता येतं.’ ‘मला भूक लागली.’ आता रेघ कुणाखाली मारायची? व्याकरणानं ‘आवडतं’ चा कर्ता गणित, ‘लागली’ चा कर्ता भूक. लेकरू प्रामाणिकपणे आरसा धरतं आणि ‘टू मी मॅथ्स लाइक्स’ घेऊन येतं. इंग्रजीत या पाचही वाक्यांत माणूस पुढं येऊन उभा राहतो: आय लाइक मॅथ्स, आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ बायसिकल, आय कॅन स्विम, आय अॅम हंग्री. म्हणजे इथं नुसता क्रम बदलत नाही, अख्ख्या वाक्याची मांडणीच बदलते.

‘आजीनं मला गोष्ट सांगितली’ घ्या. उलटं वाचलं तर ‘ग्रँडमदर टोल्ड स्टोरी मी’ होतं. खरं वाक्य ‘ग्रँडमदर टोल्ड मी अ स्टोरी’. देणं, सांगणं, दाखवणं आलं की आरसा तडकतो.

म्हणून मी या गोष्टी मराठीतून नेतच नाही. साखळी करतो आम्ही. गोल बसायचं. पहिलं लेकरू: ‘आय लाइक भाकरी.’ दुसरं त्याच्याकडं बोट करून: ‘ही लाइक्स भाकरी, आय लाइक ठेचा.’ तिसरं: ‘शी लाइक्स ठेचा, आय लाइक खिचडी.’ चुकलं की शेजारचंच ओरडतं. भाकरीला ब्रेड म्हणायच्या फंदात पडत नाही. शब्दाची चिंता काढून घेतली की लेकराचं सगळं ध्यान जागेवर राहतं.

जुना_मास्तर

ताई, ‘मला’ च्या वाक्यांबद्दल मान्य. ती आम्ही पाठच करून घ्यायचो. ‘आय लाइक, आय हॅव, आय कॅन, आय वाँट, आय नीड’ अशी यादी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर पुसायची नाही असा दंडकच होता.

तुमची साखळी मात्र नवी नाही बरं का. इंग्रजी कशी शिकवावी याचे अभ्यासक हॅरल्ड पामर यांनी शंभर वर्षांपूर्वी अदलाबदलीचे तक्ते काढले, त्याचंच हे तोंडी रूप. एका रकान्यात ‘आय, वी, दे’, दुसऱ्यात ‘लाइक, वाँट, हॅव’, तिसऱ्यात वस्तू. कुठल्याही रकान्यातला शब्द उचला, वाक्य बरोबरच येणार. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली, त्या काळात देशभर ‘आधी रचना, मग शब्द’ याच पद्धतीचा बोलबाला होता. आमच्या पिढीचं प्रशिक्षण त्यातलंच. एक रचना तोंडात बसल्याशिवाय दुसरी काढायची नाही.

अवांतर: आमच्या वडिलांची शाळा निजामाच्या राज्यातली, माध्यम उर्दू. पोलीस अॅक्शननंतर मराठी आली. ते म्हणायचे, उर्दूत लिपी उजवीकडून आणि इंग्रजीत वाक्य उलटीकडून, आमच्या नशिबात सरळ काही नव्हतंच.

उदगिरी

गुरुजींच्या वडिलांना दंडवत.

आमच्याकडं सीमेवर अजून निराळी गंमत. वर्गात घरी मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी लेकरं आहेत, आणि बंजारा तांड्यावरची गोरमाटी बोलणारी. देगलूर-बिलोलीकडं गेलात की तेलुगूही मिळते. मी वर्षाच्या सुरुवातीला एक तास फक्त याला देतो. ‘मी पाणी पितो’ हे ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या बोलीत म्हणायचं, आणि बाकीच्यांनी ‘पिण्याचा’ शब्द ऐकू आला की टाळी वाजवायची. दर वेळी टाळी शेवटीच वाजते. कन्नड-तेलुगूचं कूळ वेगळं, मराठी-गोरमाटीचं वेगळं, तरी क्रियापद सगळ्यांचं शेवटी. मग मी म्हणतो, ‘आय ड्रिंक वॉटर.’ टाळी मधेच!

मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘मंग इंग्लिशच उलटी हाय की सर, आमी कामून उलटे?’ मला तर पटलं. जगातल्या भाषा मोजायला गेलं तर क्रियापद शेवटी ठेवणाऱ्याच सगळ्यात जास्त भरतात. मधे ठेवणाऱ्यांचा नंबर त्यांच्या मागोमाग. भारतातही मेघालयातली खासी इंग्रजीसारखी क्रियापद मधे ठेवते, काश्मिरीतही ते बहुतेक वेळा दुसऱ्या जागेवर येतं. हे कळल्यावर तांड्यावरचं लेकरू इंग्रजीच्या तासाला मान वर करून बसतं. त्याला वाटत असतं की आपली बोलीच गावंढळ म्हणून आपल्याला इंग्रजी येत नाही.

सेलूची_आई

मी शिक्षिका नाही, पालक म्हणून विचारते. मुलगी सहावीला, सेमी इंग्रजी. ‘शब्द योग्य क्रमाने लावा’ या प्रश्नात तिला कायम पैकीच्या पैकी. पण पुण्याच्या आत्याचा फोन आला आणि आत्यानं कौतुकानं इंग्रजीत विचारलं, की हिचं ‘आय टुडे स्कूल नॉट गो’ सुरू. पेपरात येतं ते फोनवर कुठं जातं?

खडू_डस्टर

ताई, तो प्रश्न एकदा हातात घेऊन नीट बघा. शब्द असे दिलेले असतात: ‘मार्केट. / द / शी / टू / गोज’. इंग्रजीत छापताना ‘शी’ चं पहिलं अक्षर मोठं असतं आणि ‘मार्केट’ च्या पुढं टिंब. म्हणजे सुरुवात आणि शेवट पेपर काढणाऱ्यानंच सांगून टाकला. मधे तीन शब्द राहिले. ‘द’ मार्केटच्या आधी बसणार हे रोज ऐकून माहीत. राहिलं काय? लेकरू कोडं सोडवतं, वाक्य रचत नाही. त्याचा अर्थ काय हे न कळताही मार्क मिळतात.

मी आता पट्ट्यांवर सगळं छोट्या अक्षरात लिहितो, टिंब देत नाही आणि एक शब्द फालतू घुसडतो. ‘शी, गोज, गो, टू, द, मार्केट’ दिले की ‘गो’ बाहेर काढताना लेकराला विचार करावाच लागतो.

दुसरी तक्रार उत्तरपत्रिकेच्या नमुना उत्तरांबद्दल. ‘एव्हरी डे शी मिल्क्स द बफेलो’ हे ‘शी मिल्क्स द बफेलो एव्हरी डे’ इतकंच बरोबर. काळ दाखवणारा शब्द सुरुवातीलाही चालतो. नमुन्यात एकच उत्तर असतं म्हणून दुसरं लिहिणाऱ्याचा मार्क कापलेला मी एका केंद्रावर पाहिलाय. तपासणारे गुरुजी ऐकायलाच तयार नाहीत! ज्या लेकराला दोन जागा माहीत आहेत त्याला शिक्षा आणि ज्याला एकच माहीत आहे त्याला बक्षीस, असला कारभार.

बिंदुसरा

सेलूच्या ताई, घरी करण्यासारखं सांगते. कोडं देऊ नका, प्रश्न विचारा. ‘हू?’ आई. ‘डूइंग व्हॉट?’ मेकिंग. ‘मेकिंग व्हॉट?’ टी. ‘व्हेअर?’ इन द किचन. मग म्हणायचं, आता सगळं एका दमात सांग. प्रश्न ज्या क्रमानं विचारले त्याच क्रमात उत्तर बाहेर पडतं. क्रम शिकवावा लागत नाही.

वसतिगृहात हेच आम्ही फरशीवर करतो. खडूनं पाच चौकोन आखायचे, त्यात ‘कोण’, ‘काय करतो’, ‘काय’, ‘कुठं’, ‘कधी’ असं मराठीतच लिहायचं. लेकरानं एकेका चौकोनात उडी मारत तो तुकडा मोठ्यानं म्हणायचा. ‘माय अंकल’, उडी, ‘कट्स’, उडी, ‘शुगरकेन’, उडी, ‘इन कोल्हापूर’, उडी, ‘इन विंटर’. कर्ता-कर्म हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ज्याला कर्म नाही, म्हणजे ‘माय सिस्टर स्लीप्स’, त्यानं ‘काय’ चा चौकोन ओलांडायचा. लेकरं इथं नेमकी थबकतात, ‘म्याडम, झोपायला काय लागतं?’ विचारतात. सकर्मक-अकर्मक याहून चांगलं शिकवता येईल असं मला वाटत नाही.

खडू सर, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथं आहे. पट्टीवरचं वहीत जात नाही, कारण पट्टी एका दमात काढून घेतली जाते. आम्ही चौकोनांतले शब्द आधी पुसतो, रेघा ठेवतो. काही दिवसांनी रेघाही पुसतो, पण उडी मारायला लावतो. मग जागेवर उभं राहून नुसती बोटं मोडत म्हणायचं. शेवटी वहीत. बोटं मोडत वाक्य लिहिणारं लेकरू दिसलं की समजायचं, क्रम आत गेला.

पूर्णाथडी

वाचतोय. स्पर्धा परीक्षेची तयारी आणि पोटापाण्यासाठी शिकवणी, असा दुहेरी संसार आहे. माझ्याकडं आठवी-नववीची पोरं येतात, आणि साध्या वाक्यात ती तरून जातात. सगळा घोळ प्रश्नात.

मराठीत प्रश्न करायला काही हलवावं लागत नाही. ‘तू शाळेत जातोस’ च्या शेवटी ‘का’ चिकटवला, झाला प्रश्न. आपल्याकडं तर ‘का’ सुद्धा लागत नाही, ‘जायलास?’ म्हणून आवाज चढवला की पुरे. म्हणून पोरं ‘यू आर गोइंग?’ ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असंच लिहितात. त्यांना सांगितलं, ‘आर’ पुढं आण, की ती ‘आर’ पुढं आणतात आणि मागचा ‘आर’ तिथंच ठेवतात. ‘आर यू आर गोइंग?’ हे मी स्वतः तपासलेलं आहे, हसू नका.

खडू_डस्टर

हसलो. पण याला पट्ट्यांचा फार फायदा होतो. गळ्यात ‘आर’ असलेलं पोरगं एकच असतं ना, ते पुढं गेलं की मागं उरणार कोण? ‘यू’ आणि ‘आर’ नी फक्त जागा बदलायच्या, बाकीच्यांनी हलायचं नाही. वहीत लिहिताना ‘आर’ दोनदा लिहिता येतो, रांगेत दोनदा उभं राहता येत नाही.

‘डू’ आणि ‘डझ’ साठी एक जादा पट्टी लागते. ‘शी सिंग्ज’ साठी तीन पोरं उभी करतो: ‘शी’, ‘सिंग’ आणि एक बारकं पोरगं हातात नुसता ‘एस’ घेऊन ‘सिंग’ ला चिकटलेलं. आता प्रश्न करायचाय. बाहेरून ‘डू’ येतो आणि पुढं उभा राहतो. पण कामाला आलेला ‘डू’ फुकट काम करत नाही, तो ‘एस’ मागतो. मग ते बारकं पोरगं ‘सिंग’ चा हात सोडून पळत जातं आणि ‘डू’ ला चिकटतं. ‘डझ शी सिंग?’ मागं ‘सिंग’ एकटा. ‘डझ शी सिंग्ज’ लिहिणारी पोरं आमच्याकडं या खेळानंतर कमी झाली. कुणी चुकलंच तर वर्गातून आवाज येतो, ‘एसला दोन घरं दिली रे!’

नकाराचंही तेच. ‘नाही’ आपल्याकडं शेवटी, म्हणून ‘आय गो नॉट’. ‘डू’ आणि ‘नॉट’ जोडीनं क्रियापदाच्या आधी उभे केले की काम भागतं, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

पूर्णाथडी

‘एस’ ला दोन घरं. चोरतोय हे.

‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ चं काय करता? ‘शी कम्स ऑलवेज लेट’ सुरू असतं.

जुना_मास्तर

क्रियापदाच्या आधी, पण ‘इज-अॅम-आर’ च्या नंतर. ‘शी ऑलवेज कम्स लेट’, ‘शी इज ऑलवेज लेट’. दोन वाक्यं जोडीनं, रोज हजेरीच्या वेळी, उशिरा येणाऱ्याचं नाव घेऊन. दोन फायदे: रचना बसते आणि उशिरा येणंही कमी होतं.

उदगिरी

गुरुजी, उशिरा येणाऱ्याला वर्गासमोर धरू नका हो. तांड्यावरून पायी येणारं लेकरू असतं.

आणि एक बारीकसा मतभेद. इथं सगळा जोर चूक होऊ न देण्यावर आहे. १९७९ पासून भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि आसपासच्या शाळांत काही वर्षं वेगळाच प्रयोग केला होता. लेकरांना नकाशा, वेळापत्रक असली कामं द्यायची, ती इंग्रजीतून सोडवून घ्यायची, रचना मुद्दाम शिकवायच्या नाहीत. अर्थ पोचवायची गरज पडली की भाषा येते, ही धारणा. मी तेवढ्या टोकाला जात नाही. पण एसटीचं वेळापत्रक फळ्यावर लिहून ‘व्हेन डझ द बस फॉर लातूर लीव्ह?’ विचारलं की लेकरं क्रम विसरून उत्तराच्या मागं लागतात. ‘बस एट थर्टी लीव्ह्ज’ म्हणालं तर मी ‘येस, द बस लीव्ह्ज अॅट एट थर्टी’ एवढं म्हणून पुढं जातो. थांबवत नाही, वहीत लाल करत नाही.

जुना_मास्तर

हजेरीचं मागं घेतो, ते खोडकर शहरी पोरांपुरतं ठीक.

बाकी प्रभूंचं मत आपल्या जागी. पण ज्या लेकराच्या कानावर शाळेबाहेर इंग्रजीचं एक वाक्य पडत नाही, त्याला नुसत्या कामातून क्रम कसा सापडणार? त्याला आधी चौकोन आखून द्यावेच लागतात. वेळापत्रक नंतर.

बिंदुसरा

दोन्ही करते. सोमवारी चौकोन, शनिवारी बाजाराचा खेळ. भांडायला वेळ नाही, लेकरं मार्चपर्यंतच हातात आहेत.

सेलूची_आई

सगळ्यांचे आभार. ‘हू, डूइंग व्हॉट, व्हेअर’ कालपासून सुरू केलं. मुलगी आता उलट मलाच विचारते आणि माझंच चुकतं. एक शंका: सराव वर्तमानकाळातच करावा का? पुस्तकात तोच आधी आहे.

बिंदुसरा

ताई, मी उलटं करते. क्रमाचा सराव भूतकाळातून सुरू करते. वर्तमानकाळात लेकराला दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात, जागा आणि तो ‘एस’. भूतकाळात ‘एस’ ची कटकट नाही. ‘आय एट, यू एट, शी एट, दे एट’. मराठीत याच ठिकाणी आपली फजिती असते: रामनं आंबा खाल्ला, रामनं भाकरी खाल्ली, रामनं पेरू खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणं बदलतं. इंग्रजीत आंबा असो की भाकरी, ‘एट’ जागचं हलत नाही. लेकरांना हे ऐकून हायसं वाटतं, ‘म्याडम, हे सोप्पंय की!’ म्हणतात. इंग्रजीबद्दल असं कौतुक त्यांच्या तोंडून क्वचित येतं.

भूतकाळाची रूपं तेवढी पाठ असावी लागतात. एट, ड्रँक, वेंट, केम, सॉ, गेव्ह, टुक, ब्रॉट, सोल्ड, कट. एवढ्यात बीड जिल्ह्यातलं अख्खं घर चालतं. प्रश्न अन् नकार मात्र लगेच काढू नका, ‘डिड’ आला की ‘एट’ परत ‘ईट’ होतो आणि लेकरू बावचळतं.

खडू_डस्टर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘माय ब्रदर क्रिकेट प्लेज’ वाली पोरगी ‘एस’ सांभाळण्याच्या नादात जागा विसरत असेल, हे शक्य आहे. सहावीच्या नव्या पट्ट्या भूतकाळाच्याच करतो. पत्रिकांचा गठ्ठा संपत आलाय, या लग्नसराईत कुणाकडं जाड कागदाच्या जमल्या तर कळवा. चकचकीत नकोत, त्यावर स्केच पेन उमटत नाही.

पूर्णाथडी

आमच्याकडं पोतंभर आहेत. जिंतूरच्या गाडीत टाकू का?